ब्रोकन हिलची धूळ

पुसणीचा रंग बघून आजीबाई गप्पच झाल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीची कड होती. तिच्यावर मी चिकटपट्टीने चौकोन आखला, ओली पुसणी आधी आडवी फिरवली, मग घडी घालून उभी फिरवली आणि उलटून पाहिली, तर ती काळपट तपकिरी झालेली.

"आज सकाळीच पुसलंय गं पोरी मी ते," त्या म्हणाल्या.

खरंच पुसलेलं असणार. घर इतकं लखलखीत होतं की बूट दाराबाहेर काढतानासुद्धा मला अवघडल्यासारखं झालं होतं. पण त्यांच्या दीड वर्षाच्या पणतूच्या रक्ताचा अहवाल आला होता. शिशाचं प्रमाण डेसिलिटरला, म्हणजे शंभर मिलिलिटर रक्ताला, पाच मायक्रोग्रॅमच्या वर गेलं, तर ते कुठून येतंय हे शोधायचं, अशी ऑस्ट्रेलियात शिफारस आहे. या बाळाचा आकडा त्याच्या दुपटीहून जास्त होता. आई-वडील कामावर जातात, त्यामुळे बाळ दिवसभर पणजीकडे असतं. म्हणून मी त्या घरात होते.

मी माती तपासते. कुठे जुना पेट्रोल पंप पाडायचा असतो, कुठे गोदामाच्या जागी शाळा यायची असते, तिथली माती आधी आमच्यासारखे लोक बघतात. राहते ॲडलेडला. ब्रोकन हिल तिथून पाचशे किलोमीटर, आणि मी पहिल्यांदाच गेले होते. गाव न्यू साउथ वेल्समध्ये, पण राजधानी सिडनी अकराशे किलोमीटरवर, त्यामुळे घड्याळ मात्र ॲडलेडचं चालतं. म्हणजे तिथल्या हिवाळ्यात भारताच्या बरोबर चार तास पुढे. आईला फोन करायला फार सोयीचं.

गावात शिरल्या शिरल्या दिसतो तो भर वस्तीतला मलब्याचा प्रचंड ढिगारा. ज्या मोडक्या कण्याच्या टेकडीवरून गावाचं नाव पडलं, ती टेकडी खणून कधीच संपली. 1883मध्ये चार्ल्स रास्प नावाचा एक माणूस इथल्या मेंढ्यांच्या कुरणाची कुंपणं बघत घोड्यावरून फिरायचा. त्या काळ्या खडकात कथील असावं असं त्याला वाटलं. निघालं शिसं, जस्त आणि चांदी, आणि तेही जगातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक. 1885मध्ये त्यातूनच ब्रोकन हिल प्रोप्रायटरी ही कंपनी उभी राहिली, आजची बीएचपी. ढिगाऱ्याच्या माथ्यावर आता खाणकामगारांचं स्मारक आहे. आठशेहून अधिक नावं आहेत तिथे. रस्त्यांची नावं आर्जेंट, ऑक्साइड, क्लोराइड, ब्रोमाइड, सल्फाइड. रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाला त्या पाट्या वाचत चालताना फार मजा येते. सल्फाइड स्ट्रीटवर उभं राहून मी फोटोही काढून घेतला.

आजीबाईंचं घर पत्र्याचं. इथली बरीच जुनी घरं तशीच, भिंतींनासुद्धा पन्हाळी पत्रा, कारण लाकूड नव्हतं आणि पत्रा रेल्वेने आणता यायचा. अशा घरात खरी भीती छताची असते. वरचा पत्रा आणि आतलं छत यांच्यामधल्या पोकळीत शंभर वर्षांची धूळ साठलेली असते. वारा सुटला किंवा कोणी वायर दुरुस्त करायला वर चढलं, की ती फटींतून खाली झिरपते. मी शिडी लावून झाकण उचललं आणि विजेरी आत धरली. तुळयांवर राखाडी, मऊ थर होता. बोट फिरवलं असतं तर पेरभर रुतलं असतं. मी मुखपट्टी घट्ट केली, लहान डबीत थोडी धूळ घेतली आणि झाकण जसं होतं तसं अलगद लावलं.

मग मागचं अंगण. तिथे माझ्याकडचं हातात धरायचं क्ष-किरण यंत्र कामाला येतं. दिसायला ड्रिलसारखं. जमिनीला टेकवायचं, खटका दाबून धरायचा, मिनिटभरात मातीतल्या धातूंचं प्रमाण पडद्यावर येतं. राहत्या घराच्या मातीत किलोला तीनशे मिलिग्रॅम शिसं ही तपासणीची मर्यादा आहे. कपडे वाळत घालायच्या जागी आकडा त्याच्या वर निघाला. पन्हाळीचं पाणी जिथे पडतं, तिथे आणखी वर. आणि कोंबड्यांच्या खुराड्यापाशी तो चार अंकी झाला.

तीन कोंबड्या होत्या, तपकिरी, गुबगुबीत. एक माझ्या पायमोज्याला टोचून गेली.

"अंडी कोण खातं?" मी विचारलं.

"बाळ. रोज एक. मऊ उकडून देते मी."

कोंबडी दिवसभर माती उकरते, माती गिळते आणि ती अंड्यात उतरते. हे मला त्यांना सांगावं लागलं. नोकरीतलं हे काम मला आजही जमत नाही असं वाटतं. ज्या माणसाने सगळ्यांत जास्त माया लावली, त्याच्याच हातून बाळाच्या पोटात काय गेलं, हे त्याच्या अंगणात उभं राहून सांगायचं. त्या ऐंशीच्या पुढच्या, नवरा खाणीत होता, वडीलही खाणीत. त्या रडल्या नाहीत. ॲप्रनला हात पुसले, मग हाताकडे बघितलं आणि आत जाऊन ते साबणाने धुतले.

चहा त्यांनीच केला. मी त्यांना बाकीचं सांगत गेले. कोरडा झाडू बंद, ओल्या फडक्यानेच पुसायचं. बूट बाहेर. खाण्याआधी बाळाचे हात धुवायचे. पोट रिकामं ठेवायचं नाही, लोह आणि कॅल्शियम मिळेल असं द्यायचं, म्हणजे आतडी शिसं कमी शोषून घेतात. अंडी दुकानातली. अंगणातला वरचा थर काढून नवी माती घालायचं काम आम्ही लिहून देणार होतोच.

ओल्या फडक्याचं ऐकून त्या थांबल्या. "माझी आजी भिजलेली चहापत्ती टाकायची जमिनीवर. मग झाडायची. धूळ उडत नाही म्हणे."

मी त्यांना सड्याचं सांगितलं. माझं माहेर माण तालुक्यातलं. झाडायच्या आधी अंगणात पाणी शिंपडायचं, फुफाटा बसला पाहिजे, हे माझ्या आजीचं पहाटेचं पहिलं काम. पाणी टँकरचं असलं तरी एक तांब्या सड्याला ठेवलेलाच.

"आम्हाला पाण्यावरून ओरडा बसायचा," आजीबाई म्हणाल्या. "पाणी रेल्वेने यायचं."

तेही खरं. 1952मध्ये मेनिंडीहून नळ येईपर्यंत मोठ्या दुष्काळात या गावाला पाणी रेल्वेच्या टाक्यांतून आणावं लागे. मी त्यांना 2016ची लातूरची गाडी सांगितली, मिरजेहून भरून निघायची ती. त्यांनी मान हलवली. दोघींचा चहा संपला तेव्हा बाळ झोपेतून उठलं होतं आणि अंगठा तोंडात घालून दारात उभं होतं.

दुपारनंतर मला तुलनेसाठी गावाबाहेरचे नमुने घ्यायचे होते. मूळ जमिनीत किती शिसं होतं हे कळल्याशिवाय माणसाने किती भर घातली ते ठरत नाही. ब्रोकन हिलमध्ये हे काम अवघड आहे. एक तर खनिजाचा कणा मुळातच जमिनीवर उघडा होता. दुसरं म्हणजे सुरुवातीची वर्षं खनिज वितळवायच्या भट्ट्या गावातच धगधगत होत्या. 1890च्या दशकाच्या शेवटी त्या समुद्रकाठी पोर्ट पिरीला गेल्या. प्रत्येक खाणीच्या शिशाला समस्थानिकांच्या, म्हणजे शिशाच्याच कमी-जास्त वजनाच्या अणूंच्या, प्रमाणाचा स्वतःचा ठसा असतो. ब्रोकन हिलचा ठसा अंटार्क्टिकाच्या बर्फात 1889पासून सापडतो. ॲमंडसेन दक्षिण ध्रुवावर पोहोचला 1911मध्ये. या गावची धूळ त्याच्या बावीस वर्षं आधी त्या खंडावर उतरलेली होती. तेव्हा "जिथे धूळ पोहोचली नाही अशी जागा" शोधत गाडी चालवताना मी मैलोन् मैल लाल मातीकडे बघत होते आणि कुठे थांबावं तेच ठरत नव्हतं.

परतताना गावाच्या कडेला कुंपणापाशी थांबले. या कुंपणाची गोष्ट मला आधी माहीत नव्हती, तिथे गेल्यावर कळली, आणि त्या दिवसाचं माझ्याजवळ जे काही राहिलं त्यात ती सगळ्यांत वर आहे.

भट्ट्यांना आणि खाणीच्या आधाराला लागणारं लाकूड म्हणून आसपासची झाडं तोडली गेली. उरलेलं शेळ्या-मेंढ्यांनी आणि सशांनी खाल्लं. पाऊस वर्षाला सुमारे 250 मिलिमीटर. माणच्या दुष्काळी पट्ट्यातही याच्या जवळपास दुप्पट पडतो. उघडी झालेली जमीन उडायला लागली. वाळूचे ढीग कुंपणांवर चढले, घरांना येऊन टेकले. आल्बर्ट मॉरिस हा खाणीत धातुपरीक्षक होता. खनिजाचा नमुना घेऊन त्यात कोणता धातू किती, हे सांगणं त्याचं काम. म्हणजे माझ्याच जातीचा माणूस. सुट्टीच्या दिवशी तो आणि त्याची पत्नी मार्गारेट वाळवंटात झाडं धुंडत फिरायचे. इतकी वर्षं निरखून त्याच्या लक्षात आलं की जमीन मेलेली नाही, तिला चरणाऱ्या तोंडांपासून थोडी उसंत हवी आहे. 1936मध्ये खाण कंपनीला पटवून त्याने गावाच्या कडेची जमीन ससे आत येणार नाहीत अशा जाळीने कुंपणबंद करायला घेतली. थोडी झाडं लावली. बाकीची जमिनीने स्वतः काढली. पावसाची सर आली आणि जुनं बी वर आलं. 1939च्या जानेवारीत मॉरिस गेला. पट्टा पुढे वाढत राहिला आणि गावाभोवती फिरला.

कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी. आमच्याकडे हे शब्द राळेगणसिद्धी, हिवरे बाजारमुळे घरोघरी गेले. माझे वडील गावच्या चराईबंदीसाठी मेंढपाळांच्या पाया पडत फिरले होते, कारण मेंढ्यांवरच ज्यांचं घर चालतं त्यांना दुसरीकडे पाठवणं सोपं नसतं. पहिल्या दोन वर्षांत डोंगरावर नुसतं कुसळी गवत होतं आणि लोक त्यांना हसत होते. ब्रोकन हिलच्या त्या जाळीपाशी उभी राहून मी वडिलांना फोन लावला. म्हटलं, अप्पा, इथे एकाने 1936ला चराईबंदी केली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मग मेंढरं कुठं नेली?"

मला उत्तर देता आलं नाही. जाळीच्या आत कमरेइतकी सॉल्टबुश होती, चाकवताच्या कुळातली, रुपेरी करडी. तिचं पान खारट लागतं. वाळवंटात काम करणारे सगळे एकदा तरी चावून बघतात. मी एक पान तोडलं. जवळून बघितलं तर वरची पिठासारखी लव मीठ साठवणाऱ्या बारीक फुगीर पेशींची असते, आणि त्या लवेत लालसर धूळ अडकलेली होती. वारा गावाच्या दिशेने वाहत होता. ऐंशीहून जास्त वर्षं ही झुडपं ती धूळ अशी पानांवर अडवत उभी आहेत.

पान ओठांपर्यंत नेलं आणि दारात उभं असलेलं बाळ आठवलं. मी ते पान नमुन्याच्या पिशवीत टाकलं, पिशवीवर क्रमांक आणि वेळ लिहिली, आणि गाडीतल्या कॅनच्या पाण्याने हात धुतले.