पंढरीच्या वाटेवरून सांतियागोच्या वाटेवर

आषाढीला दिंडीबरोबर पंढरपूरला चालत जाणं आम्हा डिचोलीकडच्या माणसांना नवं नाही. पोर्तुगालमधल्या पोर्तोहून स्पेनमधल्या सांतियागोला चालत निघालो ते त्याच ओढीनं. येशूचा शिष्य सेंट जेम्स याची समाधी तिथल्या कॅथेड्रलमध्ये आहे, अशी श्रद्धा. वाट साधारण 240 किलोमीटरची.

गोवेकराला पोर्तुगाल म्हटलं की 1510 ते 1961 आठवतं. इन्क्विझिशन म्हणजे चर्चचं जाचक धर्मन्यायालय, पाडलेली देवळं, फोंड्याकडे हलवलेली दैवतं हे ऐकतच आम्ही मोठे झालो, आणि ते खरंच आहे. पण उत्तर पोर्तुगालच्या मिन्यो भागात मला भेटले ते शेतकरी. ग्रॅनाइटच्या खांबांवर चढवलेले द्राक्षांचे मांडव, खाली कोबी, बाजूला मका. एका परसात डोक्याला रुमाल बांधलेली म्हातारी बाई वाकून काम करत होती. कुठून आलात, असं तिनं विचारलं. ‘गोवा’ म्हणताच खुरपं तिथंच टाकून आत गेली, ओंजळभर अंजीर घेऊन आली आणि ‘बॉं कामिन्यु’, म्हणजे ‘वाट सुखाची होवो’, म्हणाली. मी वाकून नमस्कार केला. वारीत भाकरी हातावर ठेवणाऱ्या माउलींना आपण करतो तसाच.

पिवळे बाण वाट दाखवतात, पाठीच्या पिशवीला यात्रेकरूची खूण म्हणून शिंपला लटकलेला असतो. बहुतेक जण एकेकटे चालतात. दिवसभराची ती शांतता मला आवडली, तरी टाळ-मृदंगाशिवाय पाय जड होतात हेही खरं. पोंते द लिमाच्या पुढे लाब्रुजाचा दगडी चढ लागतो. वर एका क्रुसापाशी यात्रेकरूंनी ठेवलेल्या दगडांची रास आहे. तो चढ मी ‘राम कृष्ण हरी’ मोठ्यानं म्हणत चढलो. मागून येणाऱ्या एका जर्मन बाईंनी अर्थ विचारला, आणि पुढचा तासभर त्यांना विठ्ठलाविषयी सांगत राहिलो.

एका गोष्टीचा मात्र मनापासून हेवा वाटला. यात्रेकरूंसाठी जागोजागी आल्बेर्ग, म्हणजे धर्मशाळा, आहेत. माफक पैशांत खाट, गरम पाण्याची न्हाणी, बूट ठेवायला दाराशी मांडणी. बायका एकट्याही चालताना दिसल्या. आपल्या वारीत गावं जीव ओवाळून टाकतात, अन्नाला तोटा नसतो. पण बायकांच्या आंघोळीची आणि शौचाची आबाळ वर्षानुवर्षं होत आली आहे. ती संपायलाच हवी.

वालेंसाचा लोखंडी पूल ओलांडला की स्पेन, आणि घड्याळ एक तास पुढे. पाद्रोनला तेलात परतून वर जाडं मीठ घातलेल्या हिरव्या मिरच्या खाल्ल्या. बहुतेक गोड, एखादीच झणझणीत. अमेरिकेतून निघालेली मिरची पोर्तुगिजांनी आपल्याकडे आणली आणि आपलं जेवणच बदललं, हे त्या ताटासमोर बसून पुन्हा पटलं.

सांतियागोत वेदीमागच्या पायऱ्या चढून संताच्या मूर्तीला पाठीमागून मिठी मारतात. आपण विठोबाच्या पायांवर डोकं ठेवतो, ते गळ्यात पडतात. माझे डोळे भरून आले.

आपल्या दिंडीतल्या कुणाला जायचं असेल तर सप्टेंबर बरा, ऊन सोसतं. पायी जाणाऱ्याला शेवटचे 100 किलोमीटर चालल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही, म्हणून यात्रापुस्तिकेवर रोज शिक्के घ्यायचे. आणि टाळांची एक जोडी सोबत न्यावीच.