तुम्ही विचारलंत म्हणून: सायबर सुरक्षेचा सल्ला घ्यायचा कुणाकडून?

‘आमच्याकडे माणसं पाच-सात. आमच्या वाटेला कोण जाणार? आणि गेलंच, तर आम्ही विचारायचं कुणाला?’ छोटे व्यावसायिक मला हे नेहमी विचारतात.

वाटेला जातात हो. 2013 साली अमेरिकेतल्या ‘टार्गेट’ या बड्या दुकानसाखळीतून ग्राहकांच्या सुमारे 4 कोटी क्रेडिट-डेबिट कार्डांची माहिती चोरीला गेली. चोर आत शिरले ते एसी आणि रेफ्रिजरेशनचं काम करणाऱ्या एका छोट्या कंत्राटदाराचं लॉगिन वापरून.

आता विचारायचं कुणाला? बहुतेक जण आपल्या कॉम्प्युटरवाल्याला विचारतात. त्यात गैर काही नाही, तुमची मशिन्स त्यालाच ठाऊक असतात. पण तो अँटीव्हायरस विकत असेल, तर सल्लाही बहुधा तिथेच येऊन थांबतो. म्हणून आधी, ज्यांना तुम्हाला काही विकायचं नाही त्यांचं वाचा. ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राची छोट्या व्यवसायांसाठीची मार्गदर्शिका फुकट आहे. तिथल्या सरकारनं 2014 मध्ये आणलेली ‘सायबर इसेन्शिअल्स’ योजना पाचच गोष्टी मागते: फायरवॉल (इंटरनेटवरून येणारी नको ती ये-जा अडवणारी भिंत), नीट केलेली सेटिंग्ज, कुणाला कशाचा ॲक्सेस यावर ताबा, मालवेअरपासून, म्हणजे घातक प्रोग्रामपासून, बचाव आणि वेळच्या वेळी अपडेट. अपडेटचा कंटाळा तर करूच नका. मे 2017 मध्ये ‘वॉनाक्राय’ या रॅन्समवेअरनं, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामनं, जगभर धुमाकूळ घातला; तो विंडोजमधल्या ज्या फटीतून पसरला, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलेलं होतं.

एवढं वाचून मग कॉम्प्युटरवाल्याला बोलवा. ‘बॅकअप आहे का?’ असं विचारू नका, ‘आहे’ म्हणेल. त्याला म्हणा, ‘मागच्या महिन्यातलं हे एक बिल बॅकअपमधून आत्ता माझ्यासमोर काढून दाखवा.’ आणि शेजारी बसून बघा. फाइल उघडते का? आकडे बरोबर आहेत का? बॅकअपची ड्राइव्ह कायम मशिनलाच जोडलेली असेल, तर रॅन्समवेअर तीही लॉक करून टाकतं. एक कॉपी काढून वेगळी ठेवलेली हवीच.

ईमेलला टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक खात्री, उदा. फोनवरचा कोड) त्याच दिवशी लावून घ्या, कारण बाकीचे बरेचसे पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतात.

पैसे देऊन सल्लागार कधी नेमायचा? लोकांच्या आजारपणाची किंवा कार्डांची माहिती तुमच्याकडे असेल, तर लगेच. हल्ला झाला तर रात्री फोन कोण उचलणार, हे त्याच्याकडून लेखी घ्या. तो नंबर कागदावरही ठेवा. त्या वेळी कॉम्प्युटर बंद पडलेले असतील.