रोगारेचा रोग

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि जमलं तर शेवटचं सांगते. लग्नाच्या पंगतीत, लिफ्टमध्ये, मुलाच्या पालकसभेत प्रश्न तोच असतो: स्पॅनिश शिकवतेस ते कळलं, त्याला मागणी आहे, पण ‘विचारणे’ या अर्थाच्या एका लॅटिन क्रियापदावर प्रबंध कशाला? ते क्रियापद म्हणजे रोगारे. मावशीने ते ऐकल्याबरोबर “हा कसला रोग लावून घेतलास गं?” म्हणून विचारलं होतं. त्यातूनच आलेलं रुमानियन भाषेतलं ‘ते रोग’ म्हणजे ‘कृपया’, असं मी तिला समजावलं. तिचं मत काही बदललं नाही.

रोमन प्रजासत्ताकात रोगारे हा भारदस्त शब्द होता. कायदा करायचा तर अधिकारी सभेपुढे उभा राहून लोकांना विचारायचा. त्या प्रस्तावाचं नावच रोगातिओ. इ.स.पू. 131 मध्ये पापिरियन कायद्याने कायद्यांवरचं मतदान लेखी झालं, तेव्हा होकाराच्या पाटीवर ‘उती रोगास’चं आद्याक्षर असायचं. अर्थ, तू विचारतोस तसं होऊ दे. मतदार अशी पाटी पेटीत टाकतोय, असं चित्र असलेलं चांदीचं नाणंही सापडलंय. म्हणजे विचारणारा सत्तेवर असायचा आणि तरी त्याला विचारावं लागायचं.

पुढे लॅटिनच्या लेकी-भाषांमध्ये या शब्दाला उतरती कळा लागली. स्पॅनिश ‘रोगार’ म्हणजे विनवणं. रुमानियन ‘आ रुगा’ म्हणजे विनंती किंवा प्रार्थना करणं. जुन्या फ्रेंचमध्ये ‘रोव्हेर’ होतं, ते गेलंच. इटलीत ते नोटरीच्या कचेरीत उरलं; घराच्या खरेदीखताला तिथे ‘रोजितो’ म्हणतात. रोजच्या विचारण्यासाठी मग प्रत्येकीने दुसरं कुणीतरी शोधलं. फ्रेंचांनी ‘देमांदारे’ उचललं, ज्याचा मूळ अर्थ ‘सोपवणं’. इटालियनांनी ‘क्वाएरेरे’पासून, म्हणजे ‘शोधणं’पासून, ‘क्येदेरे’ केलं. तेच क्वाएरेरे स्पेनमध्ये ‘केरेर’ होऊन ‘हवं असणं’ आणि ‘प्रेम करणं’ झालं. वर्गातल्या पोरांना पहिल्याच आठवड्यात ‘ते किएरो’ पाठ असतं, हा त्याचाच प्रताप.

आणि तीच पोरं कॉफी मागताना ‘प्रेगुंतार’ वापरतात! स्पॅनिशमध्ये माहिती विचारायला प्रेगुंतार आणि वस्तू मागायला पेदीर. मराठीतही विचारणं वेगळं, मागणं वेगळं. आपल्याला हे आयतं जमायला हवं. पण मुलं स्पॅनिशला जातात ती इंग्रजीच्या दारातून, आणि तिथे दोन्हीला ‘आस्क’. फ्रेंच आणि इटालियनमध्येही एका शब्दात दोन्ही कामं भागतात. हे मी दर वर्षी सांगते, दर वर्षी कुणीतरी कॉफीला प्रश्न विचारतं.

आता ती मुलाखत. नोकरीची, कायम जागेची. मधोमध बसलेल्या गृहस्थांनी माझा प्रबंधाचा सारांश टेबलावर पालथा घातला होता आणि त्यावर चहाचा कप ठेवला होता. “बाई, आपल्या मुलांना याचा काय उपयोग?” मी मतदानाच्या पाटीबद्दल बोलू लागले, तर ते घड्याळ बघायला लागले. मी नाण्याबद्दल सांगितलं. शेजारचे कुणाला तरी मेसेज करत होते. मग मी म्हणाले, संस्कृतातल्या ‘पृच्छति’पासून आपलं ‘पुसणे’ आलं, आणि लॅटिनमधली ‘पोस्केरे’ आणि ‘प्रेकारी’ ही क्रियापदं त्याच मूळ धातूची. कप उचलला गेला. कागद सुलटा झाला. “हे आधी सांगायचं ना! म्हणजे आपलंच निघालं की!” त्यानंतर संस्कृत ही जगातल्या सगळ्या भाषांची जननी कशी, यावर ते बोलले, भरपूर बोलले, आणि मी मान डोलवत राहिले.

लॅटिन आणि संस्कृत बहिणी, मायलेकी नव्हेत, हे मी बोलले नाही. आणि मुख्य म्हणजे रोगारे ‘पृच्छति’च्या घराण्यातलं नाहीच. त्याचं मूळ ‘पुढे करणे, ताणणे’ अशा धातूत मानतात. विचारणं म्हणजे हात पुढे करणं. माझ्या क्रियापदाला मी दुसऱ्याच्या कुळाचा दाखला जोडला आणि जागा मिळवली.

तेव्हाची मी अजून भांडते माझ्याशी. म्हणते, सांगितलं त्यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि घरभाडं काय नाण्यावरच्या चित्राने भरणार होतीस? मी म्हणते, ‘आपलं’ निघाल्याशिवाय ज्याला कागद सुलटा करावासा वाटत नाही, त्याच्यापुढे मान कशाला डोलवायची? ती म्हणते, तू आज हे बोलतेस ते त्या पगारावर. तिचं बरोबर असेलही. मला ते अजून पटलेलं नाही.

प्रबंधातल्या निष्कर्षावरही आमचं जमत नाही. तिने लिहिलं की रोगारेचं पतन झालं: सत्ताधाऱ्याचा शब्द याचकाचा झाला. मला आता स्पेनमधल्या पाट्या आठवतात. ‘से रुएगा सिलेन्सिओ’, शांततेची विनंती आहे. ही विनंती मोडून बघा! आपल्याकडे थकबाकीच्या नोटिशीत आधी ‘विनंती’ असते, मग नळजोडणी तोडण्याची तारीख. याला पतन म्हणायचं का? ती म्हणते, दोन पाट्यांवरून सिद्धांत होत नाही. हेही खरंच.

उपयोग विचारत असाल तर नाही, काही नाही. पण पुन्हा भेटलात आणि विचारायचंच असेल, तर प्रेगुंतारबद्दल विचारा. ते आलंय ‘पेर्कोन्तारी’वरून, आणि रोमन लोकच त्याचा संबंध ‘कोन्तुस’शी लावायचे, म्हणजे नावाड्याच्या पाणी मोजायच्या काठीशी. आपण मनाचा ठाव घेतो, तसंच. त्याला अर्धा तास लागेल, आधीच सांगून ठेवते.