येळवस आणि अण्णांची वही

३० डिसेंबर २०२४, सोमवार. मार्गशीर्ष अमावस्या.

आज येळवस झाली, म्हणजे वेळ अमावस्या, शेतात जाऊन पूजा आणि जेवण करायचा आमच्या भागातला सण. माय शेतात गेली नाही, अशी ही माझ्या आठवणीतली पहिलीच येळवस, आणि तिच्यासाठी माझे वडील, अण्णाही घरीच थांबले.

२० तारखेला बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयात तिची चौथी केमो झाली, म्हणजे आजचा अकरावा दिवस. सातव्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत खाली उतरतात, त्या काळात गर्दी टाळा, कच्चे आणि उघड्यावरचे अन्न देऊ नका, आणि ताप १००.४ वर गेला तर सकाळ होण्याची वाट न पाहता निघून या, हे तिथल्या सिस्टरांनी पहिल्याच दिवशी आम्हा सर्वांना समोर बसवून सांगितले होते. येळवशीला आमच्या शेतात पन्नास-साठ माणसे जेवून जातात. मायने जायचे नाही, हे कोणी तिला सांगितलेसुद्धा नाही. काल संध्याकाळी तिनेच वहिनीला जवळ बसवून भज्जीसाठी कोणकोणत्या डाळी भिजवायच्या आणि चिंच किती घ्यायची हे सांगितले, तेव्हा आम्ही काय ते समजलो.

स्तनातली गाठ तिच्या हाताला लागली ती मार्चमध्ये. जवळच्या एका डॉक्टरांनी 'दुखत नाही ना, मग चरबीची असेल' असे सांगून गोळ्या दिल्या, आणि दुखत नव्हती म्हणून तिने आणि आम्हीही तो विषय तिथेच सोडला. पाच महिने असे गेले. स्तनातली कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही, हे आम्हाला बार्शीला गेल्यावर कळले. त्या पाच महिन्यांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. म्हणून हे वाचणाऱ्या प्रत्येक बाईला कळकळीने सांगते, की नवी गाठ हाताला लागली तर ती दुखो वा न दुखो, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी करून घ्या, आणि डॉक्टरांनी सांगितले तर सुईची तपासणीही टाळू नका.

सप्टेंबरात शस्त्रक्रिया झाली आणि १८ ऑक्टोबरला पहिली केमो. तेव्हापासून दर एकवीस दिवसांनी पहाटे चारला निघायचे आणि मुरूड, येडशी करत बार्शी गाठायची. लाल रंगाचे ते औषध सलाईनच्या नळीतून उतरताना मायने पहिल्यांदा पाहिले आणि 'कुंकू कालवल्यावानी दिसतंय की गं' एवढेच म्हणाली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचाराचा मोठा भार हलका झाला, पण गाडीभाडे, बाहेरच्या तपासण्या आणि बुडालेली कामे योजनेत येत नाहीत. त्यात यंदा सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये असूनही अडतीवर आम्हाला त्याच्या बरेच खाली विकावे लागले.

त्या विक्रीचा हिशेब अण्णांच्या वहीत आहे. तीच वही उलटी करून मागच्या बाजूने त्यांनी मायची नोंद सुरू केली: तारीख, वेळ, ताप, किती तांबे पाणी, काय खाल्ले, किती वेळा उलटी. या माणसाने आयुष्यात कधी स्वतःच्या हाताने चहा केला नव्हता. आता ते पाणी उकळून गार करून गाळतात, फळ स्वतः सोलून देतात, आणि थर्मामीटर काखेत धरून मिनिटे मोजतात. पेशी वाढवणारे इंजेक्शन केमोनंतर चोवीस तास उलटल्यावर पोटाच्या कातडीत द्यायचे असते आणि तोवर ते थंड ठेवावे लागते. गावात लाइटचा भरवसा नाही म्हणून दर वेळी अण्णा ते बर्फाच्या डब्यात घालून, तो डबा मांडीवर धरून आणतात, गाडीत मागे ठेवू देत नाहीत.

केस गेले ते दिवाळीत. पहिल्या केमोनंतर बरोबर तेराव्या दिवशी नरकचतुर्दशी आली. वहिनी तिच्या डोक्याला तेल लावत होती आणि तेलाबरोबर केसांचे पुंजके हाताला येऊ लागले. वहिनीने हात थांबवला नाही, काही बोललीही नाही. ते पुंजके पदरात गोळा करत तिने उटणे लावले, पाणी घातले, आणि मग न्हाणीघराच्या मागे जाऊन रडली. माय आतून म्हणाली, 'रडू नको बाई, पेरलं की उगवतंय.' सासू-सुनेचे पूर्वी फार जुळत होते असे नाही, हेही इथे लिहून ठेवते.

आज दादा अंबिलाची बिंदगी डोक्यावर घेऊन निघाला तेव्हा माय उंबऱ्यात उभी राहून पाहत होती. दुपारी कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा सुरू झाल्यावर वहिनीने मोबाइलवर व्हिडिओ लावून दिला. लेकरे 'ओलगे ओलगे, सालम पलगे' म्हणत कोपीभोवती फिरत होती, आणि इकडे माय बाजेवर बसून, स्कार्फ बांधलेले डोके हलवत, तेच हळू आवाजात म्हणत होती. पाच पांडवांतला एक दगड चुन्याने नीट रंगवला नाही, हे तिने त्या एवढ्याशा पडद्यावर पाहिले आणि दादाला तिथल्या तिथे दुरुस्त करायला लावले. अण्णा तिच्या शेजारी बसले होते. त्यांनी एकदाही 'मी जाऊन येतो' म्हटले नाही. संध्याकाळी उंडे, भज्जी आणि अंबील घरी आली. अंबील आंबवलेली म्हणून मायला द्यायची नव्हती, तर अण्णांनीही ती घेतली नाही. दोघांनी घरी रांधलेली गरम गव्हाची खीर खाल्ली.

१० जानेवारीपासून दुसरे औषध, दर आठवड्याला एक असे बारा वेळा, आणि त्यानंतर शेक, म्हणजे रेडिएशन. शाळेच्या रजा मी त्या हिशेबाने मांडल्या आहेत.

रात्रीचे नऊ वाजले. अण्णांनी आत्ताच वहीत लिहिले आणि वही उशाशी ठेवून आडवे झाले. मी उघडून पाहिली.

'सोमवार. येळवस. ताप ९८.८. पाणी सात तांबे. खीर दोन वाट्या, तिसरी मागितली.'