ह्याला डबा कोण पुरवतं?

आज स्लाइडवर मलेरियाचा परजीवी, प्लास्मोडियम फॅल्सिपेरम, दाखवत होते. तांबड्या पेशीत बसलेली इवलीशी अंगठी, कडेला जांभळा खडा. एक मुलगी डोळा न काढताच म्हणाली, "मॅडम, ह्याला डबा कोण पुरवतं?"

सगळे हसले. मीही.

"हिमोग्लोबिन खातो" हे माझं वर्षानुवर्षांचं ठरलेलं उत्तर. देऊन मोकळी झाले, पण घरी येईपर्यंत तेच डोक्यात. खातो हे खरंच, अगदी फडशा पाडतो. पण प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल मुळातच नाही. कोठार गच्च भरलेलं, आणि हा एक जिन्नस औषधालाही नाही! तो रक्तद्रवातूनच आणावा लागतो.

तीच गत बी-५ जीवनसत्त्वाची, म्हणजे पँटोथेनेटची. त्याशिवाय चयापचयाला लागणारं कोएन्झाइम ए बनत नाही, आणि निरोगी तांबडी पेशी तर बी-५ जवळजवळ आत घेतच नाही. मग हे महाशय काय करतात? स्वतःची प्रथिनं पेशीच्या पटलापर्यंत धाडतात आणि घरमालकाच्या भिंतीला नव्या वाटा पाडतात. त्यातून बी-५ येतं, आयसोल्युसिनही येतं.

फोलेट हे आणखी एक बी जीवनसत्त्व मात्र तो घरीच रांधू शकतो. (सल्फाडॉक्सिन हे मलेरियावरचं औषध नेमकं त्याच चुलीवर पाणी ओततं.)

म्हणजे डबा कुणीच पुरवत नाही. उद्या तिच्यासाठी फळ्यावर आधी काय काढू, अंगठी की भिंत?