गजाशिवायची खिडकी

माझी लेक अमेरिकेत, व्हरमाँटमध्ये गोठा बांधते आहे. स्वतःला राहायला. इथे त्याला बार्न-स्टाइल घर म्हणतात, आणि तसं म्हटलं की बांधणाऱ्याचा भाव वाढतो. उंच उतरतं छप्पर, उभ्या फळ्यांच्या भिंती, आत थेट आढ्यापर्यंत मोकळी पोकळी आणि म्हशीच्या जागी सोफा. बहिणीला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, आबांनी गोठा पाडून चार खोल्या काढल्या, तेव्हा कुणी फोटो काढायला आलं नाही!"

पाया झाला, सांगाडा उभा राहिला आणि गाडी खिडक्यांपाशी अडली. जेवताना खिडक्या, प्रवासात खिडक्या. एका दुपारी लेकीने लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवला. "आई, तू सांग ह्यातली कुठली."

मला सगळ्या एकच दिसत होत्या. सगळ्या काळ्या चौकटीच्या. सध्या काळ्या चौकटीशिवाय गोठा शोभत नाही म्हणे. त्यातही एक गंमत. पूर्वी मोठी काच परवडायची नाही, म्हणून गरीब माणूस सहा-नऊ छोटी तावदानं जोडून खिडकी करायचा. आता काच एकच मोठी घ्यायची आणि तिच्यावर पट्ट्या चिकटवून सहा तावदानांचा आव आणायचा. ह्या पट्ट्यांचे पैसे वेगळे.

जावई इंजिनिअर आहे. खिडकीतून काय दिसतं ह्याच्याशी त्याला कर्तव्य नाही, खिडकीतून किती ऊब निसटते ह्याच्याशी आहे. काच दुहेरी की तिहेरी, मधल्या फटीत आर्गॉन वायू भरलाय की नुसती हवा, काचेवर चांदीचा तो डोळ्यांना न दिसणारा थर आहे की नाही, असं सगळं तो रात्री उशिरापर्यंत वाचत असतो. दक्षिणेला मोठमोठ्या काचा, उत्तरेला मोजक्या, असा त्याचा बेत. डिसेंबरात इथला सूर्य भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून जेमतेम २२-२४ अंश वर चढतो. तेवढं तिरपं ऊन घरात पार मागच्या भिंतीपर्यंत पोचतं, ते वाया घालवायचं नाही. माझा जन्म ऊन घराबाहेर ठेवण्यात गेला. पश्चिमेला शक्यतो भिंतच, दारावर वाळ्याचा पडदा, अकरा वाजले की झडपा बंद. त्यामुळे उन्हासाठी एवढ्या पायघड्या घालणारा माणूस पाहून मला उगाचच त्याची दया येते.

मूळच्या गोठ्यांना खिडक्या जवळपास नसायच्याच. इथल्याच शेलबर्न गावच्या संग्रहालयात एक गोल गोठा नेऊन ठेवलाय, १९०१ सालचा. मधोमध चाऱ्याचा उंच मनोरा आणि त्याच्याकडे तोंड करून गाई गोलाकार बांधायच्या. तिथे गेलो तेव्हा जावयाने सांगितलं, की गोठ्यात खरी काळजी असायची ती हवेची. गवत ओलसर राहिलं तर आतल्या आत तापत जातं आणि आपलं आपणच पेट घेतं. म्हणून फळ्यांमध्ये मुद्दाम फटी ठेवायच्या, छपरावर झडपांची छोटी घुमटी बसवायची. खिडक्या असल्याच तर खाली गाईंपाशी, चिमुकल्या. आणि आमची बाई दर्शनी बाजूला खालपासून आढ्यापर्यंत अख्खी काच लावायला निघाली आहे. त्या काचेवर पक्षी आपटून मरतात, म्हणून तिच्यावर दोन-दोन इंचांवर ठिपक्यांची फिल्मही लावायची. आधी काही दिसू नये इतकी स्वच्छ काच आणायची, मग ती दिसावी म्हणून ठिपके काढायचे.

ह्या प्रांतातली एक खिडकी मात्र मला मनापासून आवडली. जुन्या घराला पुढे नवी खोली जोडली, की दोन छपरांच्या मध्ये भिंतीची एक चिंचोळी तिरकी पट्टी उरते. तिथे सरळ खिडकी बसत नाही. मग लोक असलेलीच खिडकी उचलून तिरकी बसवतात, छपराच्या उताराला समांतर. तिला चेटकिणीची खिडकी म्हणतात. तिरक्या खिडकीतून चेटकिणीला झाडूवरून आत शिरता येत नाही, अशी समजूत! आमच्याकडच्या हडळींना खिडकी लागत नाही, त्या दाराशीच उभ्या राहतात आणि लिंबू-मिरचीवर भागतं. मी लेकीला म्हटलं, अशी एक घे. ती म्हणाली, "आई, ती मुद्दाम घेत नाहीत गं. ती उरते."

कॅटलॉगमध्ये पुढे छपरातल्या खिडक्या होत्या, आणि तिथे मी थबकले. आजोळी फलटणजवळ माळवदी घर होतं, माजघराला एकही खिडकी नाही. उजेड यायचा तो वरच्या साण्यातून. हातभर चौकोनी भोक. त्याचा कवडसा सकाळी चुलीपाशी पडायचा, मग जात्यावर चढायचा, आणि मडक्यांच्या उतरंडीच्या दुसऱ्या मडक्याला टेकला की आजी म्हणायची, "चहा टाका गं." आषाढात ढग असले की चहाचं सगळंच गणित कोलमडायचं. पाऊस आला की कुणीतरी ओरडायचं, "साणं! साणं!" मग सगळ्यात धाकटा मामा हातातलं टाकून शिडीवरून माळवदावर धावायचा आणि साण्यावर पत्रा ठेवून वर दगड ठेवायचा. निम्म्या वेळेला तो पोचेपर्यंत जातं भिजलेलं असायचं. कॅटलॉगमधल्या खिडकीला पावसाचा थेंब कळतो आणि ती आपोआप मिटते. धाकटा मामा आता ऐंशीच्या घरात आहे. त्याला ही बातमी अजून दिलेली नाही.

पण खरी खिडकी होती ती सोप्याला, गल्लीच्या बाजूची. चार झडपांची: दुपारी खालच्या दोन बंद, वरच्या दोन उघड्या. आणि उभे गज. कडेचे गंजलेले, मधला हातांनी धरधरून गुळगुळीत काळा झालेला. त्या मधल्या गजाच्या दोन्ही बाजूंनी पाय बाहेर सोडून बसायचं आणि गज छातीशी धरायचा, ही जागा ज्याने आधी पटकावली त्याची. पाऊस असेल तर गजावरून थेंब घरंगळत खाली येतो, तो जिभेवर घ्यायचा. थंडगार, लोखंडाची, किंचित खारट चव. ती मी नंतर कुठल्याच पदार्थात चाखली नाही, आणि चाखावीशीही वाटली नाही, पण लॅपटॉपवर त्या काळ्या चौकटी बघताना जिभेवर आली खरी.

त्या खिडकीतून सगळे व्यवहार चालायचे. पोस्टमन पत्र गजांतून आत टाकायचा, भाजीवालीशी घासाघीस तिथेच व्हायची. शेजारच्या काकू कालवण मागायला यायच्या, पण वाटी गजांतून आडवी जायची नाही. मग त्या वाटी बाहेरच धरायच्या आणि मामी आतून गजांमधून डाव घालून ओतायची. गल्लीत खाली दोन थेंब हमखास. मांजरं तिथे वेळेवर हजर.

असल्या खिडकीत वाढलेल्या बाईला भुईपासून सुरू होणारी, गज नसलेली खिडकी ही खिडकी वाटतच नाही. भिंत बांधायची राहून गेली असं वाटतं. त्यांच्या आत्ताच्या भाड्याच्या घरात माझ्या पलंगाशेजारी अशीच एक आहे. बाहेर झाडी, रात्री हरणं येतात, एकदा अस्वल येऊन गेल्याचंही कौतुकाने सांगितलं. मला झोप लागत नाही. लेक म्हणते, "आई, इथे कोण येणार आहे?" आत्ताच तर सांगितलंत, अस्वल.

तेव्हा मी रीतसर मागणी केली, की नव्या घरात माझ्या खोलीला गज हवेत. चार पुरेत. जावई मनाने चांगला, नाही म्हणाला नाही. म्हणाला, "आई, लावून देतो, पण इन्स्पेक्टर सहजी पास करणार नाही." मग त्याने नियम काढून दाखवला. निजायच्या खोलीला माणूस बाहेर पडू शकेल अशी एक तरी वाट हवी, आणि आमच्या खोल्यांना बाहेरचं दार नाही, तेव्हा ती वाट खिडकीच. उघडल्यावर मोकळी जागा साधारण ५.७ चौरस फूट, रुंदी किमान २० इंच, उंची किमान २४, आणि खालची कड जमिनीपासून ४४ इंचांपेक्षा वर नको. आग लागली तर आतला माणूस बाहेर पडला पाहिजे आणि पाठीवर सिलिंडर घेतलेला बंबवाला आत शिरला पाहिजे. गज चालतील, पण आतून उघडणारे. तेही किल्लीशिवाय.

"किल्लीशिवाय?" मी विचारलं.

"धुरात किल्ली कुठे शोधणार, आई?"

त्यावर मी काही बोलले नाही. खिडक्या काळ्याच ठरल्या, मला विचारल्याचं समाधान देऊन ऑर्डर गेली. पण मला पुण्यातलं आमचं घर दिसायला लागलं. चौथा मजला. सगळ्या खिडक्यांना पिंजऱ्यासारखी बाहेर आलेली ग्रिल. तिच्यात तुळस, कोरफड, बंद पडलेला कूलर, ह्यांचे रद्दीचे गठ्ठे. शिडी खिडकीपर्यंत पोचली आणि ग्रिलपाशी अडली, अशी बातमी आपण पेपरात वाचतो आणि पान उलटतो. आमच्या ग्रिलला एक छोटं दार आहे, बसवताना मीच आग्रहाने करून घेतलं होतं. त्याला कुलूपही मीच लावलं होतं.

इथे रात्री नऊ वाजले की पुण्यात सकाळचे साडेसहा होतात. ह्यांना फोन लावला. म्हटलं, "ग्रिलच्या कुलपाची किल्ली कुठे आहे हो?"

पलीकडे बराच वेळ पेपर चाळल्याचा आवाज. मग हे म्हणाले, "त्याला कुलूप आहे?"