कोकोडा ट्रॅक: ‘शेवटचा दिवस सोपा’ यावर विश्वास ठेवू नका

पापुआ न्यू गिनीतला कोकोडा ट्रॅक चालून परत येऊन चार दिवस झाले. जिना उतरताना अजून कठडा धरावा लागतो, आणि बुकिंगच्या वेळी ऐकलेल्या ‘शेवटचा दिवस अगदी सोपा’ या वाक्याचा राग काही जात नाही.

आधी दिशेबद्दल. विमानाने कोकोडाला जा आणि तिथून चालत ओवर्स कॉर्नरला या, उलट नको. दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाच्या ३९व्या बटालियनची माघार याच दिशेने झाली, आणि तिच्यासाठी जात असाल तर तिच्या मागोमागच चालायला हवं. मी मेलबर्नला राहतो, म्हणजे ही आमच्या व्हिक्टोरियाची पोरं. मिलिशियातले, म्हणजे अर्धवेळ नागरी सैनिक, कित्येकांनी विशीही गाठली नव्हती. ऊन लागलं की वितळतील म्हणून लोक त्यांना ‘चॉकलेट सोल्जर’ म्हणत. जुलै १९४२ मध्ये जपानी फौज गोनाच्या किनाऱ्यावर उतरली तेव्हा या ९६ किलोमीटरच्या पाऊलवाटेवर तिला अडवायला हीच पोरं आणि मूठभर पापुअन सैनिक होते. महिना संपायच्या आत त्यांचे कमांडर कर्नल ओवेन कोकोडातच मारले गेले.

इसुरावाला मुक्काम कराच. दरीच्या तोंडावर स्मारकाचे काळ्या ग्रॅनिटचे चार खांब आहेत. नवे कमांडर कर्नल ऑनर यांच्या हाताखाली ऑगस्टअखेर उपाशी, भिजलेली बटालियन इथे टिकून राहिली, म्हणून मदतीला येणारी २/१४वी बटालियन वर पोचू शकली. त्याच २/१४वीचा किंग्सबरी २९ ऑगस्टला ब्रेन गन (हलकी मशीनगन) घेऊन उतारावरून शत्रूवर धावला आणि तिथेच पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. संध्याकाळी तिथे उभा होतो, कोणी बोलत नव्हतं.

मधले दिवस छान जातात. मेनारीच्या मैदानात मात्र थांबा. सप्टेंबरमध्ये ऑनर यांनी उरलेल्यांना इथे रांगेत उभं केलं होतं. फाटके बूट, हातात काठ्या.

खरी वाट लागते मागुली डोंगरावर. माथा आला असं वाटतं, पोचलं की पुढे दुसरा. असे नऊ खोटे माथे मोजतात. पण चढाने कोणी मरत नाही. मारतो तो ओफी ओढ्याकडचा उतार: ओली चिकणमाती, मुळांचं जाळं, पाय टेकला की घसारा. मेलबर्नची मंडळी सरावाला फर्नट्री गलीच्या हजार पायऱ्या चढतात. मीही महिनोन्‌महिने चढलो. चूक केली. पाठीवर वजन घेऊन उतरायचा सराव करा. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या घसरड्या वाटा उतरलेल्यांना कल्पना येईल, फक्त इथे तो उतार तासन्‌तास संपत नाही. दोन काठ्या हव्यातच.

आणि तो ‘सोपा’ शेवटचा दिवस? आयोरिबायवा उतरा, उआ-उले ओढा पुन्हा पुन्हा ओलांडा, बूट पाण्याने जड झाले की इमिटाचा उभा चढ, पलीकडे तसाच उतार, गोल्डी नदी, आणि सगळं संपलं म्हणताना ओवर्स कॉर्नरची चढण. पूर्ण दीड दिवस मागा. आयोजक नाही म्हणाला तर दुसरा बघा.

आता पोर्टरचं. आम्ही दोघांनी स्वतंत्र पोर्टरचे पैसे भरले होते. कोकोडाला पोचल्यावर दोन्ही सॅक एकाच पोराच्या पाठीवर. विचारलं तर ‘तो मजबूत आहे’. तिसऱ्या संध्याकाळी त्याने शर्ट खाली ओढून खांदा दाखवला, पट्ट्याच्या जागी कातडी सोलली होती. दुसऱ्या दिवसापासून माझी सॅक मीच घेतली. याच उतारांवर त्याच्या आजा-पणज्यांच्या पिढीने जखमी सैनिक वाहिले, एका स्ट्रेचरला आठ जण. निदान या वाटेवर तरी अशी लबाडी नको. पैसे देण्याआधी लेखी घ्या: एका सॅकला एक पोर्टर, किती किलो, त्याच्या हातात किती किना (तिथलं चलन) पडणार, आणि त्याचं जेवण-अंथरूण कोण देणार. पहिल्या सकाळी सॅक तुमच्यासमोर तोलून घ्या.

परतीची गाडी थेट हॉटेलवर नेतात. बोमानाच्या युद्धस्मशानात थांबायचं आधीच ठरवून घ्या आणि पूर्ण दुपार ठेवा. मेनारीहून परतलेल्या ३९व्या बटालियनला डिसेंबरमध्ये पुन्हा लढायला गोनाला पाठवलं. तिने ते ९ डिसेंबरला घेतलं. जानेवारीत तिला मागे आणलं तेव्हा उरले होते ७ अधिकारी आणि २५ सैनिक. आम्हाला बोमानात चाळीस मिनिटं मिळाली. थडग्यांच्या निम्म्या रांगासुद्धा चालून झाल्या नाहीत.